हॉरर गेमचं कव्हर: अंगठ्याएवढ्या चित्रात भीती कशी मावते?

एक-दोन माणसं मिळून हॉरर गेम बनवतात, तेव्हा त्यांची दोन-तीन वर्षं त्यात सहज जातात. पावलांचे आवाज, दाराची करकर, नेमक्या वेळी विझणारा दिवा, सगळं जमवून आणलेलं असतं. पण स्टोअरवर आलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. त्याच्यासमोर असतं एक छोटं चित्र आणि त्यावर लिहिलेलं नाव. नजर तिथे थांबली तर गेमचं पान उघडतं. नाही थांबली, तर दोन-तीन वर्षांची मेहनत स्क्रोल होऊन वर निघून जाते.

गर्दीही तशीच आहे. पीसी गेम विकणारं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचं 'स्टीम'. २०१७ पासून तिथे १०० डॉलर फी भरून कुणालाही गेम विकायला ठेवता येतो. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त नवे गेम आले, म्हणजे रोजचे जवळपास पन्नास. या रांगेत जाहिरातीला पैसे नसलेल्या छोट्या टीमची पहिली आणि बऱ्याचदा एकमेव जाहिरात म्हणजे हे कव्हर.

मग हॉरर गेमचं कव्हर चांगलं कशामुळे होतं?

कव्हर म्हणजे नेमकं कोणतं चित्र?

पुस्तकाला एक मुखपृष्ठ असतं, गेमला मात्र एकाच चित्राचे अनेक आकार लागतात. स्टीमवर या चित्रांना 'कॅप्सूल' म्हणतात. गेमच्या पानावर आणि इतर अनेक ठिकाणी दिसणारी हेडर कॅप्सूल ९२० × ४३० पिक्सेलची असते. स्टोअरच्या पहिल्या पानावर झळकणारी मुख्य कॅप्सूल १२३२ × ७०६, उभी कॅप्सूल ७४८ × ८९६ आणि शोधयाद्यांमध्ये दिसणारी छोटी कॅप्सूल ४६२ × १७४. गेम विकत घेतल्यावर खेळणाऱ्याच्या लायब्ररीत दिसणारं उभं चित्र ६०० × ९०० चं असतं.

यातली छोटी कॅप्सूल सगळ्यात फसवी. ती स्टीमवर काही ठिकाणी आणखी लहान होते, अगदी १२० × ४५ पिक्सेलपर्यंत. पडद्यावर हा आकार अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठा नसतो. म्हणूनच छोट्या कॅप्सूलमध्ये गेमचं नाव जवळजवळ पूर्ण जागा व्यापेल इतकं मोठं ठेवा, असा सल्ला स्टीम स्वतःच देतं.

इतर दुकानांची मापं वेगळी आहेत. छोट्या आणि प्रयोगशील गेमसाठी ओळखल्या जाणाऱ्या 'इच डॉट आयओ'वर ६३० × ५०० पिक्सेलचं कव्हर सुचवलं जातं आणि तिथे हलतं जिफही चालतं. गूगल प्लेवर ५१२ × ५१२ चा आयकॉन आणि १०२४ × ५०० चं आडवं चित्र लागतं.

आडवं, उभं, चौकोनी अशा सगळ्या आकारांत एकच चित्र कापून बसवायला गेलं, की हमखास कुणाचं तरी डोकं उडतं किंवा नाव कडेला चिकटतं. अनुभवी चित्रकार म्हणूनच मागचं दृश्य, मुख्य आकृती आणि नाव वेगवेगळ्या लेयरवर ठेवतात. मग प्रत्येक आकारासाठी मांडणी नव्याने करता येते.

कव्हरचं काम घाबरवणं आहे का?

पहिल्यांदा गेम बनवणाऱ्या अनेकांना वाटतं, की हॉरर गेमचं कव्हर बघताक्षणी दचकायला झालं पाहिजे. म्हणून गेममधलं सगळ्यात भयंकर भूत, जबडा वासलेलं, रक्ताने माखलेलं, थेट समोर आणून ठेवलं जातं.

यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे, स्थिर आणि छोट्या चित्राला पाहून कुणी दचकत नाही. दचकण्यासाठी शांतता, वाट बघणं आणि अचानक येणारा आवाज लागतो. ते सगळं गेममध्ये आहे, कव्हरवर नाही. दुसरी अडचण जास्त महागात पडते. जे भूत तीन तासांनी दिसायचं ते दुकानाच्या दारातच दाखवलं, तर आत जायचं कशासाठी?

चांगलं कव्हर बघणाऱ्याच्या मनात एक प्रश्न सोडतं. सिनेमाच्या पोस्टरांनी ही युक्ती फार आधी वापरली आहे. १९७५ च्या 'जॉज'चं पोस्टर आठवा. वर पाण्यात एकटी पोहणारी बाई, खालून सरळ वर येणारा प्रचंड शार्क. रॉजर कॅस्टेल यांनी हे चित्र मुळात कादंबरीच्या पेपरबॅक आवृत्तीसाठी रंगवलं होतं, पुढे सिनेमानेही तेच वापरलं. त्यातली भीती दातांपेक्षा जास्त एका गोष्टीत आहे: जे आपल्याला दिसतंय ते त्या बाईला दिसत नाही. १९७९ च्या 'एलियन'च्या पोस्टरवर तर परग्रहावरचा प्राणी नाहीच. काळ्या पार्श्वभूमीवर एक अंडं, त्याला गेलेला तडा आणि तड्यातून येणारा हिरवट उजेड. आत काय आहे, हे बघणाऱ्याने ठरवायचं.

पहिल्या पोस्टरमध्ये संकट दिसतं, पण ते अजून पोचलेलं नाही. दुसऱ्यात ते दिसतच नाही. दोन्हीकडे गोष्ट घडण्याच्या क्षणभर आधी थांबली आहे. हॉरर कव्हरसाठी हा क्षण सगळ्यात कामाचा.

अंधार दाखवायचा, पण चित्र दिसायला हवं

हॉरर गेममध्ये अंधार असतो, म्हणून कव्हरही काळंकुट्ट केलं जातं. चित्रकाराच्या मोठ्या मॉनिटरवर ते सुंदर दिसतं, पण स्टीमच्या पानांची पार्श्वभूमी आधीच गडद निळसर आहे. त्यावर काळपट चित्र ठेवलं, की चौकटीची कडाच हरवते. फोनचा ब्राइटनेस कमी असेल तर उरलंसुरलंही गायब.

अंधार हा उजेडामुळे जाणवतो. देवघरात एकच समई तेवत असली, की बाकीची खोली जास्त काळोखी वाटते, तसंच. त्यामुळे कव्हरवर एक जागा ठळक उजळ हवी आणि मुख्य आकृती त्या उजेडाच्या आत किंवा त्याच्यासमोर यायला हवी.

डेन्मार्कच्या प्लेडेड स्टुडिओचा २०१० चा 'लिम्बो' याचं सोपं उदाहरण आहे. अख्खा गेम काळ्या-पांढऱ्या रंगात. त्याच्या ओळखीचं चित्र म्हणजे राखाडी धुक्यासमोर उभी एका मुलाची काळी आकृती आणि दोन पांढरे ठिपके, म्हणजे त्याचे डोळे. चित्र कितीही लहान केलं तरी ते दोन ठिपके उरतात.

रंगाचंही असंच आहे. स्टोअरवर 'हॉरर' टॅग उघडून बघितला तर काळा आणि लाल या जोडीची रांगच लागलेली दिसते. प्रत्येकाने रक्ताचा रंग घेतला, की तो कुणाचाच राहत नाही. स्वीडनच्या टार्सिअर स्टुडिओने २०१७ च्या 'लिटल नाइटमेअर्स'मध्ये वेगळी वाट धरली. मळकट, अंधाऱ्या आणि अवाढव्य जगात पिवळा रेनकोट घातलेलं एक इवलंसं पोर. पिवळा हा भीतीचा रंग समजला जात नाही, पण त्या जगात तो एवढा एकटा दिसतो, की पोराची काळजी वाटायला लागते. भीतीची सुरुवात पुष्कळदा अशा काळजीतूनच होते.

एकच गोष्ट निवडा

कव्हर फसण्याचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे गर्दी. वाडा, जंगल, चंद्र, नायक, टॉर्च, तीन भुतं आणि बाहुली, सगळं एकाच चित्रात. गेममध्ये हे सगळं आहे हे खरं, पण छोट्या आकारात त्याचा फक्त करडा गोळा होतो.

निवड करताना स्वतःला एक प्रश्न विचारता येतो: हा गेम खेळलेला माणूस मित्राला सांगताना काय सांगेल? 'तो अस्वलाचा गेम' किंवा 'तो पाणबुडीचा गेम' असं जे उत्तर येईल, ते कव्हरवर हवं.

२०१४ मध्ये स्कॉट कॉथन या एकट्या माणसाने बनवलेला 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' असाच ओळखला गेला. पिझ्झाच्या हॉटेलात रात्रपाळीला बसलेला सुरक्षारक्षक कॅमेऱ्यांवर नजर ठेवतो आणि दिवसा मुलांना रिझवणारे यांत्रिक प्राणी रात्री जागचे हलू लागतात. याआधी कॉथन यांनी लहान मुलांसाठी केलेल्या एका गेमवर टीका झाली होती, की त्यातली पात्रं यंत्रासारखी आणि भीतीदायक दिसतात. तीच खोट त्यांनी नव्या गेमचं बलस्थान केली. गेमची ओळख बनला तो अंधारातून समोर येणारा फ्रेडी अस्वलाचा चेहरा. ओळखीचं, मुलांचं वाटणारं काहीतरी, पण कुठेतरी बिघडलेलं. या बिघाडामुळे नजर अडकते. पूर्ण अनोळखी राक्षस बघून मेंदू 'राक्षस आहे' म्हणतो आणि पुढे जातो. ओळखीच्या वस्तूत एकच गोष्ट चुकलेली असली, की तो परत वळून बघतो.

नावाची अक्षरं

कव्हरवरचं अर्धं काम नाव करतं, आणि हॉररमध्ये नेमकं तेच वाचता येत नाही. कारण ठरलेली असतात: ओघळणारं रक्त, काटेरी कडा, ओरखडे, काळ्यावर गडद लाल.

अक्षरांना खोड एकच असावी. एखादं अक्षर तुटलेलं किंवा एक रेघ वाकडी एवढं पुरतं. बाकी अक्षरं जाड, सुटी आणि मागच्या चित्रापेक्षा स्पष्ट उजळ हवीत. नावाच्या मागे चित्राचा शांत भाग येईल अशी जागा आधीच राखून ठेवावी लागते. चित्र पूर्ण झाल्यावर नाव कुठे बसवायचं हे शोधत बसलं, की ते कुणाच्या तरी चेहऱ्यावर जाऊन बसतं.

नाव देवनागरीत असेल तर आणखी काळजी लागते. रोमन मोठ्या अक्षरांना वर-खाली फारसं काही नसतं. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. सगळं एकाच पट्टीत बसवताना मूळ अक्षर लहान होतं. जोडाक्षरांच्या मधल्या फटी छोट्या आकारात बुजतात. आणि शिरोरेखेवरून रक्ताचे ओघळ सोडले तर ते थेट कान्यासारखे दिसतात. 'वड' लिहिलेलं 'वाडा' वाचलं जाईल. देवनागरी नावासाठी साधं, जाड आणि आतून मोकळं वळणच बरं. स्टीमवर वेगवेगळ्या भाषांसाठी वेगळी कॅप्सूल चढवायची सोय आहे, पण स्टीम ज्या भाषांत चालतं त्याच भाषांसाठी.

नावाखेरीज आणखी काही लिहिण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या नियमानुसार मूळ कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. पुरस्कारांची चिन्हं, परीक्षणातले गुण, 'आता सवलतीत' असा मजकूर चालत नाही. मोठं अपडेट आलं तर ठरावीक काळापुरतं वेगळं चित्र लावता येतं.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, दोघा मित्रांनी 'शेवटची गाडी' नावाचा हॉरर गेम बनवला आहे. घाटाखालचा छोटा एसटी स्टँड, रात्रपाळीला एकटा कंट्रोलर. शेवटची गाडी केव्हाच गेली आहे, तरी लाऊडस्पीकरवरून गाड्यांच्या घोषणा सुरूच आहेत.

पहिल्या कच्च्या चित्रात सगळं आहे: स्टँड, घाट, पाऊस, कंट्रोलर, पांढऱ्या साडीतली बाई, दोन गाड्या, रक्ताळलेलं नाव. लहान करून बघितलं तर फक्त अंधार दिसतो. शिवाय पांढऱ्या साडीतली बाई इतकी पाहिलेली आहे, की हा गेम कुठला हेही तिच्यावरून कळत नाही.

आता यातून एकच गोष्ट निवडायची. मित्राला सांगताना 'तो एसटीचा गेम' असंच सांगितलं जाणार. मग चित्रात धुक्यातून समोर येणारी लालपरी, अगदी समोरून. एक हेडलाइट पेटलेला, दुसरा बंद. गाडीचं तोंड चेहऱ्यासारखं दिसतं, त्यामुळे एका डोळ्याने कुणीतरी बघतंय असं वाटतं. अगदी छोट्या आकारात दिसेल लाल गाडी, पिवळा दिवा आणि नाव. मोठ्या आकारात नजर काचेवर जाईल आणि लक्षात येईल, की ड्रायव्हरची सीट रिकामी आहे.

चित्र दोनदा वाचलं गेलं. आधी नजर थांबली, मग प्रश्न पडला. भूत कुठेच दाखवावं लागलं नाही.

कव्हर खोटं बोललं तर?

आकर्षक कव्हर करताना एक मर्यादा पाळावी लागते. गेम ज्या प्रकारचा आहे, तेच वचन कव्हरने द्यायला हवं. हळूहळू उलगडणाऱ्या, कोडी सोडवायच्या गेमच्या कव्हरवर बंदूकधारी नायक ठेवला तर गोळीबार शोधणारी माणसं येतील, कंटाळतील आणि नाराजीचं परीक्षण लिहून जातील. ज्यांना असा शांत गेम हवा होता, ते मात्र कव्हर बघूनच पुढे गेलेले असतील.

त्यात पैशाचाही प्रश्न आहे. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. छोटे हॉरर गेम अनेकदा दोन तासांतच संपतात, त्यामुळे पूर्ण खेळूनही पैसे परत मागता येतात. २०२१ मध्ये 'समर ऑफ फिफ्टी-एट' हा छोटा हॉरर गेम बनवणाऱ्या एमिका गेम्सने याच कारणावरून गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. परीक्षणं चांगली असूनही बऱ्याच जणांनी गेम परत केला होता. ही अडचण एकट्या कव्हरने सुटणारी नाही. पण चुकीचा ग्राहक आत आणणारं कव्हर ती नक्की वाढवतं.

मुद्दाम फसवणारं कव्हर कधी चालतं का? टीम साल्वाटोचा २०१७ चा 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' हे गाजलेलं उदाहरण. कव्हरवर गुलाबी रंग आणि गोड हसणाऱ्या शाळकरी मुली, आत मानसिक भयकथा. पण हा गेम फुकट होता. शिवाय लहान मुलांनी आणि सहज अस्वस्थ होणाऱ्यांनी तो खेळू नये, हा इशारा स्टोअरच्या पानावर स्पष्ट लिहिलेला होता. गोड चित्र आणि खाली असा इशारा, या विसंगतीनेच कुतूहल चाळवलं. फक्त चित्र उचलून इशारा गाळला, तर ती सरळ फसवणूक ठरते.

चित्रकाराला काम देताना

स्वतःला चित्र काढता येत नसेल तर कव्हरसाठी चित्रकाराला पैसे देणं हा छोट्या टीमचा योग्य खर्च समजला जातो. काम देताना 'भीतीदायक काहीतरी' एवढंच सांगितलं, तर काळं-लाल चित्र मिळण्याचीच शक्यता जास्त. त्याऐवजी या गोष्टी लिहून द्याव्यात:

- गेम एका वाक्यात, आणि खेळणारा त्यात नेमकं काय करतो
- कव्हरवर हवी असलेली एकच गोष्ट
- त्याच प्रकारच्या आठ-दहा गेमची कव्हरं, म्हणजे त्यांच्यात मिसळून न जाण्यासाठी काय टाळायचं ते कळेल
- सगळ्या आकारांची यादी आणि लेयर सुटे असलेली मूळ फाइल
- चित्र कुठे कुठे वापरणार (स्टोअर, पोस्टर, टी-शर्ट) आणि हक्क कुणाकडे राहणार, हे लेखी

एआयने चित्र बनवायचा विचार असेल, तर जानेवारी २०२४ पासून स्टीमला त्याची माहिती द्यावी लागते, आणि ती गेमच्या पानावर ग्राहकांनाही दिसते. काही खेळणारे ते बघूनच गेम टाळतात, हे धरून निर्णय घ्यावा.

चढवण्याआधीच्या पाच चाचण्या

१. चित्र १२० पिक्सेल रुंद करून फोनवर बघा. नाव वाचता येतं का?

२. रंग काढून फक्त काळं-पांढरं करा. मुख्य आकृती मागच्या दृश्यातून सुटी दिसते का?

३. डोळे किलकिले करून बघा. नजर सगळ्यात आधी कुठे जाते? ती जागा मुद्दाम ठरवलेली आहे का?

४. स्टोअरच्या हॉरर पानाचा स्क्रीनशॉट घेऊन आपलं कव्हर त्यात चिकटवा. रांगेत ते वेगळं ओळखू येतं का?

५. गेमबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला दोन-तीन सेकंद दाखवा आणि विचारा, 'हा गेम कशाबद्दल असेल?' 'आवडलं का' हे विचारू नका. ओळखीची माणसं 'छान आहे' म्हणतातच.

गेम स्टोअरवर आल्यावरही काम संपत नाही. चित्र किती वेळा दिसलं आणि त्यातून किती जण पानापर्यंत आले, हे आकडे स्टीम गेम बनवणाऱ्याला दाखवतं. पुष्कळांना दिसूनही थोडेच जण आत येत असतील, तर कव्हर बदलून बघता येतं. लोक पानावर येतात पण गेम विशलिस्टमध्ये टाकत नाहीत, असं असेल तर अडचण ट्रेलर, स्क्रीनशॉट किंवा वर्णनात असण्याची शक्यता जास्त. तेव्हा कव्हरला दोष देऊन उपयोग नाही. त्याचं काम दार उघडून देण्यापुरतं असतं, आणि ते त्याने केलेलं असतं.